सहाव्या गोळीचं भोक

सरका, अजून थोडे जवळ सरका. माझा गळा आता पूर्वीसारखा दरी ओलांडत नाही. आमच्या केंटकीच्या डोंगरात घडलेली गोष्ट आहे. एका बाईच्या हातात बंदूक फुटली आणि एका म्हाताऱ्यानं सांगून टाकलं, "चूक माझीच." त्या कबुलीवर सगळ्यांनी विश्वास ठेवला, मीसुद्धा. ती कबुली खोटी कशी निघाली ते सांगतो. घटका-दोन घटका बसा.

१

ऑक्टोबरातला बुधवार. दुपारची वेळ. डोंगरावरच्या चांदमारीतून, म्हणजे नेमबाजीच्या मैदानातून, डेल्फाताई स्लोन एकटीच पायी खाली आली. उजव्या गालावर रुमाल दाबलेला, रुमाल लालभडक, आणि दुसऱ्या हातात नवऱ्याची रायफल. तिचा नवरा हर्शेल जाऊन दीड वर्ष झालं होतं. रायफलीची नळी मधोमध फुगून चिरली होती. उंदीर गिळून पडलेला साप असतो ना, तशी.

दस्त्याच्या लाकडाची ढलपी उडून गालात घुसली होती. बोटभर वर लागती तर डोळा गेला असता. अकरा टाक्यांवर निभावलं.

संध्याकाळपर्यंत खोऱ्यातल्या प्रत्येक ओसरीवर एकच नाव होतं: ऑर्बी स्टिडम. कारण ती काडतुसं ऑर्बीभाऊंच्या हातची.

ऑर्बीभाऊंनी एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली. छातीत कोळसा बसला, उजवा खांदा गेला. घरामागच्या खोपटात त्यांनी एक दाबयंत्र बसवलं होतं आणि तिथे ते मऊ काडतुसं भरायचे. दुकानातलं काडतूस खांद्याला घोड्याच्या लाथेसारखं बसतं. ज्यांचे खांदे खाणीनं खाल्ले, ज्यांच्या हाडात डॉक्टरांनी खिळे ठोकले, ज्या बाया सत्तरीला टेकल्या, त्यांचीही नेम धरायची हौस फिटत नाही. पण लाथ कोण सोसणार? ऑर्बीभाऊ हलकी गोळी घ्यायचे, बंदुकीची दारू थोडकीच घालायचे. धक्का कसा, तर ओळखीच्या माणसानं खांद्यावर हात ठेवावा तसा. शिकारीला ते काडतूस निरुपयोगी. कागदाला भोक पडलं की त्याचं काम झालं.

बायको गेल्यावर त्यांच्या दारावर थाप पडायची ती या काडतुसांसाठीच. माणूस डबी न्यायला यायचा, तासभर बसायचा, कॉफी प्यायचा, गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगून जायचा.

गुरुवारी सकाळी मी गेलो तर खोपटाला कुलूप. ऑर्बीभाऊ ओसरीवर बसलेले, भोवती पुठ्ठ्याची खोकी.

"हे काय चाललंय?"

"डेटनला जातो, पुतण्याकडे. त्याच्या तळघरात एक खोली आहे. खिडकी नाही, पण मला बघायचं काय आहे?"

"ऑर्बीभाऊ, शनिवारी नेमबाजांच्या क्लबाची सभा आहे. काय ते ठरू तर दे."

"त्यांनी उठ म्हणण्याआधी उठलेलं बरं." त्यांना धाप लागली. ती बसेपर्यंत मी थांबलो. "आर्लिस, मी दारू दुप्पट भरली. एरवीचं काडतूस दारूनं काठोकाठ भरतं. त्यात चुकून दोनदा घातली तर सांडते, आपोआप कळतं. माझं काडतूस अर्ध्याहून रिकामं. त्यात दोनदा घातली तरी मावते. आणि हे डोळे बघ माझे. हर्शेल मरताना म्हणाला होता, डेल्फाकडे लक्ष ठेव. मी हे असं लक्ष ठेवलं."

मी त्यांच्याबरोबर एक भजन म्हणायला लागलो. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तिथून उठलो तो थेट व्हर्ना कॉडिलच्या दारात.

२

व्हर्नानं चाळीस वर्षं गावचं औषधाचं दुकान चालवलं. राईएवढ्या फरकानं माणूस दगावतो अशा धंद्यात तिच्या हातून एक पुडी चुकली नाही. प्रार्थनाघरात ती येत नाही. म्हणते, तुमचे उपदेशक बोलता बोलता गायला लागतात आणि गाता गाता मुद्दा विसरतात.

मला तर तेच आवडतं. आमच्याकडे बाजा नाही, पेटी नाही. मी ओळ सांगतो, सगळे ती ओढून गातात, आणि उपदेश रंगात आला की उपदेशकाच्या बोलण्यालाच चाल लागते. ती चाल ऐकायला मी नदीला पूर आलेला असताना चालत गेलोय.

माझं सगळं ऐकून व्हर्ना म्हणाली, "अपराधी माणूस स्वतःच हजर झाला की बाकीचे शोधायचं सोडून देतात. सोपं पडतं ना! उरलेली काडतुसं कुठे आहेत?"

"डेल्फाताईकडे. डबी तशीच आहे."

"मग टोपी घाल. आणि वाटेत गुणगुणू नकोस."

डेल्फाताईनं दार उघडलं तेव्हा अर्धा चेहरा पट्टीत होता. टेबलावर एकच बशी, एकच पेला. समोरच्या खुर्चीवर हर्शेलचा कोट घडी घालून ठेवलेला.

"ऑर्बीभाऊंना सांगा, मी रागावलेली नाही," ती म्हणाली. "पण मी फोन करते तर ते उचलतच नाहीत."

व्हर्नानं डबी उघडली. वीस घरांची डबी, तेरा काडतुसं शिल्लक. "म्हणजे सात झाडलीस."

"सात. पाच बसून. मग म्हटलं, हर्शेल उभं राहून झाडायचा, आपणही बघू. उभी राहून दोन. दुसरीला फुटली."

"नेमाचा कागद?"

"आणलाय की." तिनं तो कपाटावरून काढला. "एकटीनं झाडलेला पहिलाच ना. टाकवेना."

व्हर्नानं कागद खिडकीशी धरला. भोकांतून ऊन आलं. ती मोजत होती, मीही मोजत होतो. एक, दोन, तीन, चार, पाच.

"डेल्फा, सातवी नळीतच अडकली हे कळलं," व्हर्ना म्हणाली. "मग सहावी कुठे गेली?"

३

डेल्फाताई ओशाळली. "पन्नास यार्डावरचं भोक मला दिसतं कुठे? दुर्बिणीला डोळा लावायचा तो हर्शेल. लागली की ओरडायचा, 'लागली गं!' काल मी आपली झाडत गेले."

"सहावीचा आवाज कसा होता?"

"कानांवर जाड झापडं होती. पण ती फार हळू वाटली खरी. खांद्याला कळलीसुद्धा नाही. मला वाटलं..." ती थांबली. "हसू नका हं. मला वाटलं, ऑर्बीभाऊंनी ते एक माझ्यासाठी मुद्दाम आणखी मऊ केलं असेल. एकटी जाणार म्हणून."

व्हर्नानं डबी तपासायला मागून घेतली.

घरी आल्यावर व्हर्नानं तेराही काडतुसं उकलली, एकेकाची दारू औषधाच्या तराजूत घातली. काटा तेरा वेळा एकाच रेघेवर थांबला.

"या हातानं दुप्पट भरली म्हणतोस?" ती म्हणाली. "असा हात माझ्या दुकानात असता तर मी सुट्टी घेतली असती."

"पण तेरा बरोबर म्हणून सातवंही बरोबर, असं कुठे सिद्ध होतं?"

"नाही होत. गाणाऱ्यालाही डोकं असतं म्हणायचं. पण दारू जास्त झाली तर गोळी नाहीशी होते का? ती तर जास्तच जोरानं कागदावर जाईल. सहावी गोळी पोचली नाही, कारण तिला जोर मिळाला नाही. ती नळीत अर्ध्या वाटेवर बसून राहिली. मागून सातवी आली, तिला जायला वाट नव्हती. बिघडलेली सातवी नव्हे, सहावी होती."

"म्हणजे ऑर्बीभाऊंनी सहाव्यात दारू कमी घातली?"

"किंवा दारूच खराब. किंवा तिसरं काहीतरी. चल, दुकानदाराकडे."

बंदुकीची दारू विकणारा रँडल. त्याच्या दुकानात दुकानी काडतुसांच्या चळती असतात, आणि मऊ काडतुसं करणाऱ्या शेजाऱ्यावर त्याचं प्रेम नव्हतं. आम्हाला बघून तो म्हणाला, "या! एक औषधवाली, एक भजनवाला. लग्न आहे की मयत?"

"तुझी दारू सर्दळलेली होती का, ते विचारायला आलोय," व्हर्ना म्हणाली.

"त्याच डब्यातली काडतुसं खोऱ्यातल्या आठ म्हाताऱ्यांकडे आहेत. दारू खराब असती तर आठ बंदुका फुटायला हव्या होत्या. आठही थेरडे धडधाकट आहेत, काल इथेच येऊन माझे शेंगदाणे संपवून गेले." मग त्याचा आवाज उतरला. "मला ऑर्बीचा धंदा बुडालेला चालेल, व्हर्नाबाई. ऑर्बी बुडालेला नाही चालत."

बाहेर गाडीत बसल्यावर व्हर्ना बोटांवर मोजू लागली.

"तीच दारू, तोच हात, तेच वजन. आठ जणांचं ठीक, एकीचं बिघडलं. आर्लिस, तिनं असं काय केलं जे त्या आठ जणांनी केलं नाही?"

४

शुक्रवारी आम्ही चांदमारीत गेलो. फाटकावर लॉनी मलिन्स होता. चाळिशीचा, आमच्याच प्रार्थनाघरातला, दोन वर्षांपासून चांदमारीचा कप्तान. निशाणांमागच्या टेकाडापलीकडे नवीन घर झालंय आणि वसंतात त्या घराच्या खांबात कुणाची तरी गोळी सापडली. तेव्हापासून लॉनी फाटकावर सगळ्यांच्या डब्या उघडून बघायचा, आणि त्यानं नियम घातला होता: बंदुकीचं तोंड टेकाडाच्या वर दिसता कामा नये.

"बुधवारी तूच होतास ना फाटकावर?" व्हर्नानं विचारलं.

"फाटक उघडून दिलं आणि कामाच्या पाळीला गेलो. त्या एकट्याच होत्या." तो जमिनीकडे बघत होता. "सगळा दोष म्हाताऱ्यालाही देऊ नका. वय झालंय."

व्हर्ना नेमाच्या जागी गेली. बाकाजवळच्या गवतात झाडलेल्या काडतुसांची पाच पितळी नळकांडी, चकचकीत. चार पावलं पलीकडे, उभं राहायच्या रेघेपाशी, एकच. ते तिनं उचललं आणि मला दाखवलं. बाहेरून काजळीनं काळं झालं होतं.

"ओली लाकडं घातलेली चूल धुरकटते ना, तसं हे पेटलंय. धड पेटलंच नाही." तिनं ते रुमालात बांधलं. "पाच बसून झाडली, ती ठीक. उठून उभी राहिली आणि बिघडलं. बसणं आणि उभं राहणं, यांच्यामध्ये काय झालं, लॉनी?"

"मला काय माहीत? मी गेलो होतो."

परतताना ती म्हणाली, "तुझ्याकडे ऑर्बीची एखादी डबी आहे का रे?"

होती. मार्चात घेतलेली. मग कंबरेनं दगा दिला आणि मी चांदमारीची पायरी चढलो नाही. डबी मोज्यांच्या खणात पडून होती. तिनं झाकण उघडलं, आतली बाजू बघितली आणि डेल्फाताईच्या डबीचं झाकण शेजारी धरलं.

डेल्फाताईच्या झाकणात पत्त्याच्या पानाएवढा एक स्वच्छ चौकोन होता, चारही कोपऱ्यांना वाळलेला डिंक. माझ्या झाकणात त्याच जागी चिठ्ठी होती. ऑर्बीभाऊंचं थरथरतं, टपोरं अक्षर.

चिठ्ठी मी दोनदा वाचली. सात महिने ती माझ्या मोज्यांखाली होती.

५

शनिवारी दुपारी अग्निशमन बंबाच्या खोलीत सभा भरली. बायकांनी शिजवलेला घेवडा, मक्याचा पाव आणि सफरचंदाचा थरांचा केक आणला होता. कुणी हात लावला नाही. ऑर्बीभाऊ दाराजवळ उभे, खोपटाची किल्ली मुठीत. डेल्फाताई समोर, पट्टीसकट.

व्हर्नानं खोकल्याच्या औषधाची एक काचेची कुपी काढली. तिसरा हिस्सा मक्याचा जाडा भरडा, बाकी रिकामी.

"हे ऑर्बीचं काडतूस. ठिणगी बुडाशी पडते. कुपी आडवी धरली की भरडा बुडापासून तोंडापर्यंत पसरतो. ठिणगीला सापडतो. बाकावर बंदूक आडवी ठेवून झाडणाऱ्यांचं म्हणून काही बिघडत नाही. आता तोंड आभाळाकडे करून सावकाश आडवी करते. भरडा बुडाशीच. उत्तम." मग तिनं कुपीचं तोंड जमिनीकडे केलं आणि हलकेच आडवी उचलली. सगळा भरडा तोंडाशी साचला होता, बुड मोकळं. "ठिणगी पडेल, पण दारू दूर आहे. ती कशीबशी धुमसते. काजळी धरते. गोळी अर्ध्या वाटेवर थांबते."

कुणीतरी म्हणालं, "पण डेल्फा तोंड खाली कशाला धरेल?"

डेल्फाताई हळूच म्हणाली, "मला फाटकावर तसंच सांगितलं होतं. उभी राहाल तेव्हा तोंड जमिनीकडे, मग वर उचला आणि झाडा. सातवीला मी खांद्यावरून उतरवलीच नाही. गोळी बदलली आणि झाडली."

"म्हणून सातवी धड पेटली, आणि अडकलेल्या सहावीवर आदळली," व्हर्ना म्हणाली. "आता ऑर्बीनं काय लिहिलं होतं ते आर्लिस वाचेल. गाऊ नकोस."

मी वाचलं: "मऊ काडतूस. आधी तोंड आभाळाकडे, मग सावकाश निशाणावर. तोंड जमिनीकडे गेलं असेल तर पुन्हा वर करूनच झाडा. आवाज हळू आला तर थांबा, भोक बघा. ऑर्बी."

"ही चिठ्ठी प्रत्येक डबीत असते," व्हर्ना म्हणाली. "काल आठही घरं फिरले. आठही झाकणांत नुसता डिंक. आर्लिसची डबी तेवढी वसंतानंतर फाटकातून गेलेली नाही, आणि तेवढ्याच डबीत चिठ्ठी आहे. फाटकावर डब्या कोण उघडून बघतं?"

माना वळल्या. लॉनी उठला. खिशातून कॉफीचा चपटा डबा काढून त्यानं टेबलावर ठेवला. त्यात नऊ चिठ्ठ्या होत्या, सरळ रचून ठेवलेल्या.

"तोंड आभाळाकडे लिहिलंय ना," तो म्हणाला. "पलीकडच्या घरात पाळणा आहे. मला वाटलं, माणसं गोंधळतील, म्हणून काढत गेलो. फाडवल्या नाहीत, हाताचं अक्षर आहे. ऑर्बीभाऊंना सांगायला जाणार होतो. उद्या जाईन, परवा जाईन. बुधवारी डेल्फाताईंचं कळलं तेव्हा गाडीत बसून ही वाचली. नीट, पहिल्यांदाच." तो ऑर्बीभाऊंकडे वळला. "तुम्ही स्वतःच कबूल केलंत. मी गप्प बसलो."

ऑर्बीभाऊ टेबलापाशी आले. "अरे, एक शब्द सांगायचा होतास. फुगीर दारू मिळते, काडतूस भरून टाकणारी. बंदूक कशीही धरा, ती ठिणगीपाशी असतेच. पंधरा मिनिटांचं काम होतं." मग ते डेल्फाताईकडे बघत म्हणाले, "मी तरी काय केलं? बंदूक कशी धरायची ते लिहून दिलं. शेजारी कोण बसणार, ते विचारलं नाही. हर्शेल असता तर सहावीला ओरडला असता, 'लागली नाही गं, थांब!'"

डेल्फाताई उठली. ऑर्बीभाऊंच्या मुठीतली किल्ली सोडवून तिनं त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वर थापटलं.

"सोमवारी येते," ती म्हणाली. "कॉफी कडक करा. मागच्या वेळी धुणवणी होतं."

६

डेटनला जाणं राहिलं. खोपट उघडलं. चांदमारीत नवा नियम झाला: मऊ काडतूस एकट्यानं झाडायचं नाही, एकानं झाडायचं, दुसऱ्यानं भोक बघून ओरडायचं. ऑर्बीभाऊ आणखी दोन हिवाळे जगले आणि त्या दोन हिवाळ्यांत त्यांच्या ओसरीवरची दुसरी खुर्ची फारशी रिकामी दिसली नाही.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण लॉनीचं राहिलं.

त्या रविवारी तो प्रार्थनाघरात आला. त्याच्या बाकावरची माणसं एकेक करून पलीकडे सरकली. उपदेशक क्षमेवरच बोलत होते. आवाज चढत गेला, बोलण्याला चाल लागली, बाया रडू लागल्या, माझेही डोळे वाहत होते. शेवटी सगळे उठून एकमेकांचे हात धरतात. लॉनी हात पुढे करून उभा होता. मी त्याच्यापासून सात पावलांवर होतो. माझ्याही खणात सात महिने तीच चिठ्ठी पडून होती. मी शेजारच्याचा हात धरला आणि ओळ सांगत राहिलो.

पुढच्या रविवारी तो आला, तेव्हाही तेच. त्यानंतर आला नाही. टेनेसीत कुठल्याशा गोदामात काम करतो म्हणतात. पत्ता कुणालाच ठाऊक नाही; विचारलंच नव्हतं कुणी.

तुम्ही आज प्रार्थनेला हात जोडाल तेव्हा तुमची माणसं आठवाल, ते योग्यच आहे. त्यांच्या शेवटी एक नाव माझ्यासाठी घ्या. लॉनी मलिन्स. मोठ्यानं घेतलंत तर फारच बरं.